जंगलात न मावणारा आवाज

ज्या माणसाला हळू बोलता येत नाही त्याच्या घरी भाड्याने राहू नये, असं मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. संग्रामपूरच्या कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी लागली, वरच्या मजल्यावर खोली मिळाली, सामान लावलं, दमून झोपले आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत खालून आवाज आला, "पानी तापलं काय?" मी धडपडून उठले आणि झोपेतच म्हणाले, "नाही हो, आत्ताच उठतेय." मला वाटलं, मलाच विचारलं. तेवढ्यात समोरच्या घरातून एक बाई म्हणाली, "तापलं असन काकाजी, पाहा ना जाऊन." म्हणजे तिलाही ऐकू गेलं होतं. ज्यांना विचारलं होतं त्या काकूंनाच तेवढं ऐकू गेलं नव्हतं.

आमच्या घरमालकांना नाव होतं, आडनाव होतं, सातबाऱ्यावर बऱ्यापैकी वावरही होतं. पण गावात लहानथोर सगळे त्यांना काकाजीच म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. काकाजींनी उभी हयात धान्याच्या बाजारात हर्रास बोलण्यात घालवली. तूर आली, हरभरा आला की ढिगाशेजारी उभं राहून लिलाव पुकारायचा. भोवती व्यापारी, अडते, हमाल, ट्रॅक्टर. त्या गोंगाटावर ज्याचा आवाज चढेल तोच हर्रास बोलणार. पुढे काकाजी निवृत्त झाले, आवाज झाला नाही. "हळू बोलनारा मानूस भाव पाडते," असं ते म्हणत, आणि हे तत्त्व त्यांनी कोथिंबीर मागण्यापासून देवाच्या आरतीपर्यंत सगळीकडे लावलं होतं. पोहे वाढतानासुद्धा "घेता काय अजून? एक बार... दोन बार..." आणि तिसऱ्या बाराला ताटलीत पोहे पडलेलेच असत. मधल्या वेळात नको म्हणायला जमलं तर जमलं.

काकूंना ऐकू येत नव्हतं. लग्नानंतर टायफॉइड झाला, त्या तापात कान जो कमी झाला तो होतच गेला. गल्लीतले वात्रट लोक म्हणत, की ताप निमित्ताला, कान काकाजींनीच घालवला. मुलगा नाशिकला नोकरीला होता, त्याने कानाचं यंत्र पाठवलं होतं. ते कुंकवाच्या डबीशेजारी ठेवलेलं असायचं. "त्याच्यात पंख्याचा आवाज येते, मानसाचा नाई येत," असं काकूंचं म्हणणं. समोर उभं राहून काकाजी ओरडले की मात्र त्यांना कळायचं. थोडं कानाने, थोडं ओठांवरून. बाकी जगाशी त्यांनी बोलणंच आवरतं घेतलं होतं. "आपन बोललं का समोरचा काईतरी बोलते. मंग ते ऐका लागते," असं त्यांनी मला एकदा तुरीच्या शेंगा सोलता सोलता समजावून सांगितलं. तेही इतक्या बारीक आवाजात, की ऐकू न येण्याची पाळी माझी होती.

तर त्या घरात एक माणूस दोघांच्या वाटचं बोलत असे. गल्लीला घड्याळ लागत नव्हतं. काकाजींच्या घरी आज काय भाजी आहे, कोणाला जुलाब झाले, मुलाचा फोन का आला नाही, हे सगळं वारा नेईल तिकडे जात असे. आणि गंमत म्हणजे त्यांना गुपितं सांभाळायची फार हौस होती. दुसऱ्या वर्षी घरचे माझ्या लग्नाचं बघत होते. मी मूळची बीबी गावची. आईने तिकडून फोनवर एक स्थळ सांगितलं. मी जिन्यात उभी राहून काकाजींना एवढंच विचारलं, की मेहकरकडची ही माणसं तुमच्या माहितीतली आहेत का. त्यांनी डोळे मिटून, छातीवर हात ठेवून मान हलवली, म्हणजे गोष्ट पोटात ठेवतो. मग आत गेले आणि काकूंना म्हणाले, "मॅडमबाईचं जमून राह्यलं. कोनाले सांगू नको."

संध्याकाळी गल्लीतल्या बायका पेढे मागायला आल्या. ते स्थळ मला मुळीच पसंत नव्हतं, हे मी पुढे महिनाभर एकेकीला समजावत होते. काकाजींना जाऊन जाब विचारला तर तेच माझ्यावर चिडले. "मी फक्त बुढीले सांगतलं. अन् ते कोनाशी बोलतच नाई. मंग फुटलं कुठून?" त्यांच्या डोळ्यांत खरोखरच संशय होता. बहुधा माझ्यावरच.

आता असा माणूस दर हिवाळ्यात जंगलात जनावरं बघायला जातो म्हटल्यावर काय होत असेल, विचार करा.

संग्रामपुरातून उत्तरेला कुठूनही बघा, सातपुडा दिसतो. त्याच्या पायथ्याला अंबाबारव्याचं अभयारण्य आहे. काकू तिथल्याच एका पायथ्याच्या गावच्या. त्यांच्या वडलांच्या वावराचा बांध जंगलाला लागून होता, आणि बोरं पिकली की बांधावर अस्वलं यायची. लहानपणी एकदा काकूंनी मचाणावरून अस्वलीण पाहिली होती, पाठीवर पिल्लू घेऊन चाललेली. "जशी आपली बाई डोक्शावर टोपलं घिऊन चालते का नाई, तशीच चालली होती ते. अन् लेकरू असं मुठीत केस धरून," असं म्हणून त्यांनी माझी ओढणी मुठीत धरून दाखवली होती. बोलायला नको म्हणणारी ही बाई ही एक गोष्ट मात्र न विचारता सांगायची. शेवटी म्हणायची, "एक डाव अजून पाहाची हाय. कान गेले, डोये हायेत तवर."

म्हणून काकाजी दर थंडीत त्यांना घेऊन जात. त्यासाठी त्यांची तयारी असे. कोणी तरी सांगितलं, की जंगलात हिरवे कपडे घालावेत. काकाजींनी घरात पडद्यांसाठी आणलेल्या हिरव्या कापडातलाच कोट शिवून घेतला. दारातल्या पडद्याशेजारी ते उभे राहिले की दिसायचे नाहीत, फक्त ऐकू यायचे. वर माकडटोपी, खांद्यावर शाल, हातात शिदोरीची पिशवी. एवढं करून जिप्सीत बसले, की फाटकापासूनच सुरुवात: "अवं, इकडं पाह्य. सागाचं झाड."

पहिल्या हिवाळ्यात मी त्यांच्याबरोबर गेले होते तेव्हाची गोष्ट. थंडी अशी, की बोटं वाकत नव्हती. नाल्यापलीकडच्या खडकावर बिबट्या उन्हाला बसला होता, अगदी निवांत, पंजा चाटत. गाईडने नुसता हात वर केला. आम्ही सगळ्यांनी श्वास धरले. काकू दुसऱ्या बाजूला बघत होत्या. काकाजी अर्धवट उठले आणि त्यांनी आख्ख्या सातपुड्याला कळवलं, "अवं! खडकावर! डाव्या अंगाले!" काकूंनी मान वळवली तोवर खडकावर फक्त ऊन होतं आणि गवतात एक शेपटी जात होती. काकाजींनी तेवढ्याच उत्साहाने पुढची बातमी दिली, "होता!"

असं दर वर्षी. रानगवा होता, सांबर होतं, एकदा म्हणे वाघसुद्धा होता. काकूंनी इतक्या हिवाळ्यांत जनावरांच्या फक्त शेपट्या पाहिल्या. त्या तक्रार करत नसत. घरी आल्यावर बाजूच्या बायकांना बोटं लांब करून शेपटी केवढी होती ते दाखवत.

मी एकदा काकाजींना सरळ विचारलं, की अहो, ओरडता कशाला? काकू शेजारीच तर बसलेल्या असतात. खांद्याला हात लावून दाखवा ना.

काकाजी माझ्याकडे असे बघत राहिले जसं मी त्यांना बाजारात धोतर फेडायला सांगितलं. "चार मानसांत? बायकोच्या खांद्याले हात?" मग म्हणाले, "मॅडमबाई, तुमच्याकडं चालत असन. आमच्या लग्नाले एवढी वर्षं झाली, माह्या मायसमोर मी तिचं नाव नाई घेतलं कधी."

त्यांची आई जाऊनही जमाना झाला होता. पण खेड्यापाड्यातल्या त्या पिढीचं हे असंच आहे. माझे आईवडीलही लग्नकार्यात दोन टोकांना बसतात. बायकोला चारचौघांत हाक मारायची ती "अवं" म्हणून, चालायचं ते चार पावलं पुढे, आणि हात धरायचा तो दवाखान्यात नेताना. त्यापेक्षा अख्खं जंगल उठवलेलं परवडलं.

तिसऱ्या हिवाळ्यात मात्र प्रकरण हातघाईवर आलं. फाटकावरच्या गाडीवाल्यांनी आपसांत ठरवलं, की काकाजींना कोणी न्यायचं नाही. ते आले की एकाची गाडी बंद पडे, दुसऱ्याला पाहुणे येत, तिसऱ्याच्या पोटात दुखे. पैसे देऊन आलेली माणसं जनावर बघायला येतात. काकाजींच्या गाडीत बसलेल्यांना काकाजीच बघावे लागत, त्यात त्यांचाही काय दोष. काकूंना एकटीला न्यायला कोणाची ना नव्हती, पण त्या ऐकेनात. "त्याइच्या बिगर मी कायले जाऊ? मी काय एकटी पाहाले जाऊ काय?" म्हणजे काकाजींवर बंदी तर काकूंवरही बंदी. पुढे कधी ती अस्वलीण दिसायची शक्यताच संपली.

शेवटी संजू तयार झाला. संजू गाडीवाल्यांतला तरणा, पण स्वभावाने जरा कडक. त्याचे वडील काकाजींच्या हर्रासात माल आणायचे, त्या ओळखीखातर तो घरी आला आणि ओट्यावर बसून म्हणाला, "काकाजी, एक दिवस नेतो. सकाळची फेरी अन् दुपारची फेरी. पन तोंडातून शब्द निंघाला, का गाडी वापस. अन् मंग पुन्हा कोनी नेनार नाई तुमाले. मी बी नाई."

"हाव," काकाजी म्हणाले. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी दार उघडून बघितलं.

काकाजींनी काम कधी अर्धवट केलं नाही. जंगलाचा दिवस आठवड्यावर होता, त्यांनी त्याच दिवसापासून मौनाचा सराव सुरू केला. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ली उठलीच नाही. पोरांच्या शाळेची गाडी चुकली, नळ येऊन गेला. दूधवाला दारात उभा राहून हळूच मला खुणेने विचारू लागला, की वर गेले का? मी म्हटलं, नाही, आत बसलेत, बोलत नाहीयेत एवढंच. त्याचा विश्वास बसला नाही, तो आत डोकावून खात्री करून आला. दुपारी बाजारातले दोन जुने अडते फळं घेऊन भेटायला आले. काकाजी त्यांच्यासमोर ताठ बसून होते, चेहरा कोंडलेल्या वाफेसारखा झालेला.

यात एका माणसाला विश्वासात घ्यायचं राहून गेलं, ती म्हणजे काकू. काकाजींनी तोंड बंद केलं आणि काकूंचं जग एकदम बंद झालं. त्यांना वाटलं, यांनी अबोला धरला. का धरला हे कळेना. मग त्यांनी आपल्या परीने समजूत काढायला घेतली. पहिल्या दिवशी पुरणपोळी झाली. दुसऱ्या दिवशी वांग्याची झणझणीत भाजी आणि रोडगे. तिसऱ्या दिवशी मांडे करायला बसल्या, जे करायला त्यांना एरवी वर्षातून एकदाच उसंत मिळायची. मी काकाजींना खुणावलं, सांगा तरी त्यांना. काकाजींनी मांड्याचा तुकडा तोंडात टाकला आणि हाताने थांबा अशी खूण केली. चौथ्या दिवशी मात्र काकू माझ्या खोलीत येऊन बसल्या आणि डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "माहं काय चुकलं वं, बाई?" तेव्हा मला राहवलं नाही. मी त्यांच्यासमोर बसून ओठ मोठे करकरून सगळं सांगितलं. अस्वलीण, संजू, अट, सराव. त्यांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्या जिना उतरून खाली गेल्या आणि मांडे बंद झाले.

जंगलाचा दिवस रथसप्तमीच्या अलीकडचा. घरोघरी हळदीकुंकू चालू होतं, म्हणून तिळगुळाचे डबे भरलेले होते. काकाजींनी त्यातला एक मोठा डबा मांडीवर घेतला. बोलायची उबळ आली की एक लाडू तोंडात. तिळगूळ घेऊन गोड बोलायच्या दिवसांत तिळगूळ खाऊन मुकाट बसणारा माणूस मी तेवढाच पाहिला. गाडीत पुढे संजू आणि गाईड, मधल्या बाकावर कुठून तरी लांबून आलेले दोघे फोटोवाले, त्यांच्या हातभर लांब नळ्यांच्या कॅमेऱ्यांसह, आणि मागच्या उंच बाकावर काकाजी, काकू आणि मी.

सकाळची फेरी सुरू झाली. गवतावर दव होतं, आमच्या तोंडातून वाफा निघत होत्या. चितळांचा एक कळप रस्त्यावर उभा राहून आमच्याकडे बघत राहिला, आणि पहिल्यांदाच तो पळाला नाही. काकूंनी चितळाचं तोंड पाहिलं. मोर पाहिला, पुढून. सांबराची मादी पाण्यात पाय बुडवून उभी होती, तिने कान हलवले तसे काकूंनी माझा हात दाबला. काकाजींच्या डब्यातले लाडू भराभर कमी होत होते. समोरून दुसरी जिप्सी आली, त्यात त्यांच्या ओळखीचा एक व्यापारी होता. त्याने सवयीने हात वर करून "राम राम काकाजी" म्हटलं. काकाजींनी दोन्ही गाल फुगलेले असताना नुसते हात जोडले. तो माणूस लांब जाईपर्यंत मागे वळून बघत होता. त्याला बहुधा आयुष्यात एवढा अपमान वाटला नसेल.

दुपारी फाटकाबाहेर शिदोरी सोडली. मी म्हटलं, काकाजी, आता बाहेर आहोत, बोला थोडं, बरं वाटेल. त्यांनी नळ सोडल्याची खूण केली आणि मान हलवली. एकदा सोडला की बंद होणार नाही. संजू लांबून हे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा कडकपणा जरा उतरला होता.

दुपारची फेरी उतरत्या उन्हातली. नाल्याच्या वळणावर बोरीची जाळी आहे, तिथे संजूने गाडी बंद केली. गाईडने हात वर केला. फोटोवाल्यांच्या नळ्या वळल्या.

जाळीतून ती निघाली. काळी, झिपरी, नाक जमिनीला लावून बोरं हुंगत. आणि पाठीवर पिल्लू. केसांत रुतून बसलेलं, फक्त कान आणि फिकट तोंड दिसणारं.

काकू दुसऱ्या बाजूला बघत होत्या. तिकडे एका झाडावर वानराची मादी पोराच्या उवा काढत होती, त्यात त्या रमल्या होत्या. दुपारच्या फेरीला मी काकाजींच्या पलीकडे बसलेली, माझा हात काकूंपर्यंत पोचत नव्हता. मी काकाजींकडे बघितलं. त्यांचं तोंड उघडलं होतं. गळ्याची शीर तटतटली होती, आवाज अगदी दातांपर्यंत आला होता. अस्वलीण चार पावलं चालली की पलीकडच्या उतारावर दिसेनाशी होणार होती. एवढ्या वर्षांची मागणी दहा हातांवर उभी, आणि काकाजींना ती सांगायला तोंड नव्हतं.

त्यांनी हात उचलला, आमच्या सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि काकूंच्या खांद्यावर ठेवला.

काकू दचकल्या. त्यांनी आधी अस्वल पाहिलंच नाही, खांद्यावरच्या हाताकडेच बघत राहिल्या. मग काकाजींनी दोन बोटं त्यांच्या हनुवटीला लावली आणि त्यांचं तोंड हळूच जाळीकडे वळवलं. मी मुद्दाम खाली बघितलं, मग परत वर बघितलं, कारण मलाही अस्वल बघायचं होतं.

काकूंनी पाहिलं. पिल्लू घसरलं, आईच्या कमरेपर्यंत आलं, केस मुठीत धरून परत वर चढलं. आणि त्याच क्षणी काकूंच्या तोंडून निघालं, "माय वं! पाठीवर हाय हो, पाठीवरच हाय! पाहा, कसं धरलं!"

काकाजींच्या घराण्यात आवाजाची वानवा नाही हे मला त्या दिवशी कळलं. त्या बाईला आपला आवाज केवढा निघाला हे कळायला मार्ग नव्हता. वानरं किंचाळत उठली, पलीकडच्या झाडावरून पोपट गेले, आणि अस्वलीण पोराला घेऊन उतारावरून जी पळाली ती पळालीच.

एका फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "कोण ओरडलं?" त्याने विचारलं, आणि तो मागे वळून आधी माझ्याकडे बघू लागला. मी काही बोलणार तेवढ्यात काकाजींनी तोंडातला लाडू गिळला.

"मी ओरडलो," ते म्हणाले.

"अहो, काहीतरीच काय. आवाज बाईचा होता."

"माहाच होता. हर्रासात कोनताही आवाज काढा लागते." हे मात्र त्यांच्या नेहमीच्या आवाजात. उरलेली पाखरंही उडाली.

फोटोवाल्याने संजूकडे बघितलं. संजू आरशातून मागे बघत होता. काकूंच्या चेहऱ्याकडे. त्या अजूनही जाळीकडे बघून हसत होत्या. संजूने घसा खाकरला. "हाव, काकाजीच ओरडले. त्याइची जुनीच खोड हाय ते."

"मी बी ऐकलं," गाईड म्हणाला.

"त्यांना किती वेळा सांगितलं," मीही म्हणून टाकलं.

फोटोवाला आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत राहिला. त्याला काय कळलं ते कळलं असेल. पण एका गाडीतली एवढी माणसं एकसुरात खोटं बोलायला लागली की एकट्याने खरं धरून काय करायचं. तो वळून बसला आणि फाटकापर्यंत काकाजींना जे बोलायचं ते बोलत राहिला. अशा माणसांना आत सोडतात कशाला, काही शिस्त आहे की नाही, वगैरे. काकाजी डबा मांडीवर धरून ऐकत होते.

आता काकूंच्या लक्षात आलं, की सगळे काकाजींना बोलून राहिलेत. त्यांनी एकदा त्या माणसाकडे पाहिलं, एकदा रिकाम्या जाळीकडे, आणि त्यांना वाटायचं तेच वाटलं. त्यांनी काकाजींच्या कोटाची बाही ओढली आणि आपल्या बारीक आवाजात म्हणाल्या, "आजच्या दिवस त गप बसाचं होतं तुमी. लेकराले घाबरवलं ना."

काकाजींनी कान पकडले. "चुकलं," म्हणाले.

फाटकावर संजूने सगळ्यांसमोर जाहीर केलं, की बोलल्याप्रमाणे काकाजी पुन्हा गाडीत दिसणार नाहीत. बाकीच्या गाडीवाल्यांनी माना हलवल्या. काकाजींनी तेही ऐकून घेतलं. घरी आल्यावर गल्लीला सगळं वर्णन मिळालं, पण त्यातही ओरडणारे काकाजीच होते. आठ दिवस लोक त्यांना चिडवत होते, की एवढा सराव केला आणि ऐन वेळी माती खाल्ली. ते हसत होते. काकू तर येईल त्या बाईची बाही केसांसारखी मुठीत धरून दाखवायच्या, पाठीवर कसं होतं, आणि शेवटी पुस्ती जोडायच्या, की याइनं पळवलं.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली बुलढाण्याला झाली. पण थंडीत काकूंनी शेजारच्या मुलीकडून मला फोन लावून घेतला. त्यांना परत जायचं होतं. आता काकाजींशिवाय चालणार होतं. एकदा पिल्लाचं तोंड पाहिलेली बाई, शेपट्यांवर काय समाधान मानणार. "बंदी त्याइच्यावर हाय, माह्यावर नाई," असा त्यांचा निरोप.

मी गेले. काकाजी फाटकापर्यंत सोडायला आले, तोच हिरवा कोट घालून. काकू मागच्या बाकावर शाल घेऊन बसल्या, तोंड जंगलाकडे करून. काकाजी चहाच्या टपरीपाशी टेकले. संजू त्यांच्याजवळ गेला, मीही चहाचा कप ठेवायला तिथेच होते.

"चाला ना काकाजी," संजू म्हणाला. "जागा हाय. मले काय माहीत नाई काय, तुमी नोते ओरडले. मी सांगतो साऱ्याइले."

"नाई," काकाजी म्हणाले. त्यांनी मागे वळून बघितलं, काकू पाठमोऱ्या होत्या. "मी गाडीत बसलो का बुढी विचारन, बंदी काऊन उठली. मंग सांगा लागन. अन् आपल्या आवाजानं जनावर पळालं हे तिले एकडाव कळलं, का मंग ते आयुष्यात पुन्हा तोंड नाई उघडाची. आताच कुठं ओरडाले लागली."

संजूने एकदा गाडीकडे बघितलं. मग म्हणाला, "पन तुमचं जंगल पाहाचं राह्यते ना, काकाजी."

काकाजींनी चहावाल्याला आणखी एक कप सांगितला आणि माकडटोपी काढून मांडीवर ठेवली.

"मले कुठं जंगल पाहाचं होतं," ते म्हणाले.